टँकर उलटला, बंब आला, रस्ता धुतला, आता बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंतचा तो उतार पुणेकराला वेगळा सांगायला नको. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे ड्रायव्हर, तापलेले ब्रेक, आणि मग एखाद दिवशी टँकर आडवा. व्हिडिओ दहा मिनिटांत सगळ्या ग्रुपवर फिरतो, वाहतूक ठप्प, बंब आले, माती टाकली, पाणी मारलं, क्रेनने टँकर उचलला, संपलं. दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही की त्या रात्रीचा खर्च कोणी केला. केला तुम्हीआम्हीच, कारण तो गेला टॅक्सच्या पैशातून, आणि ज्याचा माल सांडला तो मात्र आपल्या इन्शुरन्सकडून टँकरचे आणि मालाचे पैसे घेऊन मोकळा झाला.

पुण्याजवळच्या एका लहान नगरपरिषदेत हिशोबाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. असा एक क्लेम मी स्वतः तयार केला होता, ॲसिडच्या टँकरचा, आणि मागितले त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही हातात आले नाहीत. कायदा कमी पडला म्हणून नाही, कागद कमी पडले म्हणून. त्यामुळे खालचं सगळं फायर ब्रिगेडमधल्या, वॉर्ड ऑफिसमधल्या, नगरपरिषद-ग्रामपंचायतीतल्या लोकांसाठी लिहितोय, आणि ज्या नगरसेवकांना सभेत नेमका प्रश्न विचारायचाय त्यांच्यासाठीही. वसुलीचं बिल ऑफिसात बसून तयार होत नाही, ते रात्री तीन वाजता रस्त्यावरच तयार होतं किंवा होतच नाही.

पहिला तास: फोटो, पाटी आणि केबिनमधले कागद

माणसं वाचवणं, गळती थांबवणं हे आधी, त्यात वाद नाही. पण टीममधला एक माणूस, शक्यतो तांडेल (म्हणजे जवानांच्या तुकडीचा प्रमुख) किंवा स्टेशन ऑफिसरने नेमलेला, फक्त नोंदी करणार हे आधीच ठरलेलं असू द्या. वर्दी, म्हणजे घटनेचा कॉल, आली की तो मोबाइल घेऊन उतरणार.

त्याने सगळ्यात आधी टँकरच्या दोन्ही बाजूंची आणि मागची पाटी टिपायची. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे घातक माल नेणाऱ्या गाडीवर ही आपत्कालीन माहितीची पाटी लावावीच लागते. तिच्यावर यूएन नंबर (प्रत्येक घातक मालाला ठरलेला आंतरराष्ट्रीय नंबर), धोक्याचं चिन्ह आणि फोन नंबर असतात. १०७५ म्हणजे एलपीजी, १२०३ पेट्रोल, १७८९ हायड्रोक्लोरिक ॲसिड, १८३० सल्फ्युरिक, १००५ अमोनिया. जवानांना हा नंबर कशाशी भिडायचंय ते कळायला लागतो, आपल्याला तो माल नक्की कोणता होता हे नंतर सिद्ध करायला लागतो. पाटी नसेल किंवा दुसऱ्याच मालाची असेल तर ते सोनं आहे, त्याचा फोटो दोनदा काढा.

मग केबिन. आत जाणं सेफ असेल तरच, आणि पोलिसांसमोर. त्यात ट्रेम कार्ड असायला हवं, म्हणजे माल सांडला तर काय करायचं ते लिहिलेला कागद, तो ड्रायव्हरने केबिनमध्ये ठेवायचा असतो. शिवाय बिल्टी (ट्रान्सपोर्टरची मालाची पावती), इनव्हॉइस, ई-वे बिल, ड्रायव्हरचं लायसन आणि त्यावर घातक माल नेण्याची नोंद आहे का ते. ई-वे बिलाचं महत्त्व फार कमी जणांना कळतं. त्या एका कागदावर माल कोणी पाठवला, कोणाला चालला होता आणि ट्रान्सपोर्टर कोण, तिघंही जीएसटी नंबरसकट सापडतात. आमच्या केसमध्ये आम्ही फक्त गाडीचा नंबर लिहून घेतला होता. गाडीचा मालक निघाला दुसऱ्या राज्यातला एकट्या गाडीचा माणूस, गाडीवर कर्ज, आणि माल पाठवणाऱ्या कंपनीपर्यंत पोचेपर्यंत आमचे चार महिने गेले.

गाडीचा इन्शुरन्स एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की दिसतो, कंपनीचं नाव आणि मुदत दोन्ही. स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असा.

लॉगबुक, म्हणजे खरी तिजोरी

इथे जरा थांबतो, कारण इथेच सगळे घसरतात. आपल्याकडे बंबाचं लॉगबुक असतं, त्यात निघाल्याची आणि परतल्याची वेळ असते, पण मधलं काही नसतं. समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो, सात तास तुमची गाडी तिथे काय करत होती? म्हणून दर अर्ध्या तासाला एक ओळ हवी. कोणती गाडी, कोण माणसं, काय केलं, काय सामान वापरलं. साध्या वहीत चालेल, पण पानांना नंबर असू द्यात, मधे कोरी पानं नकोत आणि खाली सही हवी.

आमच्या त्या ॲसिडच्या रात्रीचं सांगतो. वाल्व्हपाशी बोटभर चीर, तिथून पिवळट धार, रस्त्यावर पांढरा धूर, डोळे चुरचुरतायत. जवानांनी मातीचा बांध घालून धार नाल्यापासून अडवली, मग ॲसिड मारायला चुना पाहिजे म्हणून एकाने हार्डवेअरवाल्याला झोपेतून उठवून गोण्या आणल्या. किती आणल्या? एक म्हणतो पस्तीस, दुसरा म्हणतो चाळीस. बिल? दुकानदाराने सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला पेनाने आकडा लिहून दिला होता, तेच मी फाइलला टाचणी लावून जोडलं. इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, ते पाकीट उजेडात धरून बघत होता, हसला नाही हे त्याचं सौजन्य. चुन्याचा अख्खा खर्च कापला गेला. पक्कं बिल रात्री मिळत नाही हे मान्य, पण सकाळी दुकान उघडल्यावर त्याच तारखेचं जीएसटी बिल घेता येतं, आणि रिकाम्या गोण्यांचा ढीग मोजून फोटो काढायला तर एक मिनिट लागतं. त्यावेळी हे डोक्यातच आलं नाही.

काय काय मोजायचं ते पण सांगून ठेवतो, कारण अर्ध्या गोष्टी लिहायच्याच राहतात. फोमचे कॅन, वाळू, माती, लाकडाचा भुसा, चुना किंवा सोडा ॲश, एकदा वापरून बाद झालेले केमिकल सूट आणि हातमोजे, श्वसनाच्या सिलिंडरचं रिफिल, भाड्याने आणलेला जेसीबी आणि डंपर, बॅरिकेड, लायटिंग, पाण्याचे टँकर, ओव्हरटाइम, कोणी दवाखान्यात गेलं तर ते बिल, आणि शेवटी ती खराब झालेली माती.

मातीचं वेगळं सांगायला पाहिजे. ॲसिड किंवा केमिकल प्यायलेली माती कचरा डेपोवर टाकायची नसते, ती घातक कचऱ्यात जाते, आपल्या भागात रांजणगावच्या प्रक्रिया केंद्रात, आणि तिच्यासोबत मॅनिफेस्ट, म्हणजे घातक कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद, लागतं. तिथलं वजनकाट्याचं आणि प्रक्रियेचं बिल हा क्लेममधला सगळ्यात मजबूत कागद, कारण तो तिऱ्हाइताने दिलेला असतो. आणि हाच खर्च आपली मंडळी टाळतात, गुपचूप माती कुठेतरी ओढ्याकाठी ओततात. म्हणजे क्लेम तर गेलाच, वर उद्या प्रदूषण मंडळाने आपल्यालाच नोटीस काढली तर तोंड दाखवायला जागा नाही.

पोलीस आणि प्रदूषण मंडळ: दोन कागद त्याच दिवशी

घटनास्थळ पंचनाम्यात सांडलेला माल, किती भाग भिजला, मनपाची कोणती मालमत्ता खराब झाली आणि बंब किती आले हे येऊ दे. पोलीस पंचनामा करतात तो अपघाताच्या दृष्टीने, म्हणजे टायरच्या खुणा, गाडीची दिशा वगैरे, तुमच्या खर्चाच्या दृष्टीने नाही, त्यामुळे त्यांच्या शेजारी उभं राहून नम्रपणे सांगायचं की साहेब, नाल्यात गेलंय तेही लिहा. एफआयआर भारतीय न्याय संहितेच्या २८१ खाली, म्हणजे निष्काळजी ड्रायव्हिंग, एवढ्यावरच थांबते बहुतेक वेळा. विषारी पदार्थाबाबत हलगर्जीपणाचं २८६ पण आहे, ते लागतं का हे विचारा, कारण त्याने प्रकरण ड्रायव्हरच्या पलीकडे जायची शक्यता वाढते.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी लेखी कळवा आणि पाण्याचे, मातीचे नमुने घ्यायला लावा. नाल्यातून मुठा नदीत काही गेलं असेल तर दुसऱ्या दिवशीच्या नमुन्याला अर्थ नाही, पाणी वाहून गेलेलं असतं. वरच्या बाजूचा आणि खालच्या बाजूचा असे दोन नमुने हवेत, नाहीतर समोरचा म्हणणार, तुमची नदी आधीपासूनच तशी आहे. आणि पुण्यात या वाक्यावर वाद घालणं अवघड आहे, हे तुम्हालाही माहितीये.

कोण कोणाच्या हद्दीत हे पण तिथेच ठरवून टाका. बायपासचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, बंब पुणे मनपाचा, कधी मदतीला पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा पिंपरी-चिंचवडचा. ज्याने खर्च केला त्याने आपलं बिल लावायचं, पण एकमेकांना कॉपी द्या, नाहीतर एकच जेसीबी दोन बिलांत येतो आणि मग दोन्ही बिलांवरचा विश्वास उडतो.

गाडी सोडायच्या आधी

टँकर जप्त असतो, मालक कोर्टातून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे बाँड लिहून देऊन तात्पुरता ताबा घेऊन, सोडवून नेतो, हे दोन-चार दिवसांतही होतं. परराज्यातली गाडी एकदा गेली की गेली. तुमच्या खर्चासाठी कोर्ट गाडी अडवून धरेलच असं नाही, पण तपास अधिकाऱ्याकडे खर्चाच्या अंदाजाचं पत्र आधीच दिलेलं असलं तर ते रेकॉर्डवर येतं आणि मालकाचा खरा पत्ता, बाँड, जामीनदार यांच्या कॉप्या मागता येतात. उरलेला माल दुसऱ्या टँकरमध्ये भरून न्यायला कंपनीचा माणूस येतो, त्याचं नाव, ओळखपत्र, किती माल परत नेला त्याची पावती, आणि वहीत त्याची सही. भरलेला माल वजा परत नेलेला माल म्हणजे सांडलेला माल, इतकं साधं गणित आहे, आणि ते त्यांच्याच सहीने सिद्ध होतं.

बिल बांधायचं कसं

दर मनाने लावू नका. गाड्यांचा तासाचा दर मनपाने ठराव करून आधीच मंजूर केलेला असावा, नसेल तर तो ठराव हेच तुमचं पहिलं काम. जेसीबी, डंपर, माती यांना सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची लावा किंवा प्रत्यक्ष बिल. अमेरिकेत बऱ्याच शहरांनी यासाठी स्वतःचे नियम करून प्रत्येक वाहनाचा तासाचा दर छापून ठेवलाय, तिथे केंद्राच्या पातळीवरही स्थानिक संस्थांना अशा घटनेमागे २५ हजार डॉलरपर्यंत परतावा देणारी योजना होती. आपल्याकडे तसलं काही तयार ताट नाही, वाढून घ्यावं लागतं.

नमुना म्हणून बघा, आकडे फक्त समजण्यापुरते धरलेत (रुपयांत; टेंडर म्हणजे इथे बंबाची गाडी, निविदा नाही):

फोम टेंडर १, ७ तास, ३,००० दराने: २१,०००
वॉटर टेंडर २, ७ तास, २,००० दराने: २८,०००
चुना ४० गोण्या, ३५० प्रमाणे: १४,०००
माती २ डंपर: १५,०००
जेसीबी ६ तास: ९,०००
बाद झालेले केमिकल सूट २: ३६,०००
सिलिंडर रिफिल ६: ३,०००
ओव्हरटाइम १२ जवान: १४,४००
६ टन मातीची विल्हेवाट: ५४,०००
एकूण: १,९४,४००

प्रत्येक ओळीसमोर पुराव्याचा पान नंबर टाका. ज्या ओळीला पान नाही ती ओळ स्वतःच काढून टाका, समोरच्याने काढण्यापेक्षा बरं. एका ओळीत फुगवलेलं सापडलं की सर्व्हेयर मग सगळ्याच ओळी संशयाने बघतो. पगाराबद्दल हमखास आक्षेप येतो की जवान तसेही ड्युटीवरच होते, त्यामुळे नेहमीचा पगार आणि ओव्हरटाइम वेगवेगळे दाखवा, नाहीतर पहिल्याच्या नादात दुसराही जातो.

डिव्हायडर, दिव्याचे खांब, सिग्नल, उखडलेलं डांबर हे नुकसान याच्यात मिसळू नका. त्याचा तक्ता वेगळा, कारण त्याचा रस्ता वेगळा आहे, खाली येतोच.

मागणी कोणाकडे

नोटीस एकाला नाही, चौघांना एकाच दिवशी: गाडीमालक, माल पाठवणारी कंपनी, गाडीची इन्शुरन्स कंपनी, आणि माल पाठवणाऱ्याची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी देणारी कंपनी. ही चौथी लोक विसरतात. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने ठराविक प्रमाणापेक्षा जास्त घातक माल हाताळणाऱ्याला हा विमा सक्तीचा आहे आणि हाताळण्यात गाडीने नेणंही येतं. नोटिशीतच पॉलिसीची कॉपी मागा. पोचपावतीसह स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही, पंधरा दिवसांची मुदत. बऱ्याच वेळा चांगली कंपनी इथेच बोलणी करते, कारण कोर्टापेक्षा पेपरात नाव येणं त्यांना जास्त नको असतं.

नाही ऐकलं तर पुढे तीन दारं आहेत.

पहिलं, त्याच १९९१ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. चूक कोणाची हे सिद्ध करायची गरज नाही, मुदत घटनेपासून ५ वर्षं. पण हे दार मुळात जखमी, मृतांचे नातेवाईक आणि ज्यांच्या मालमत्तेचं नुकसान झालं त्यांच्या तातडीच्या मदतीसाठी आहे, बंबाच्या खर्चासाठी त्यावर फार भिस्त ठेवू नका. रस्त्याकडेच्या टपरीवाल्याला, शेतकऱ्याला मात्र हे आवर्जून सांगा, त्यांना कोणी सांगत नाही.

दुसरं, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, शिवाजीनगरला. खांब-डिव्हायडरचा वेगळा तक्ता इथे. २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आलीये, ती धरूनच चाला. नेहमीच्या कमर्शियल पॉलिसीत तिऱ्हाइताच्या मालमत्तेला साडेसात लाखांची मर्यादा असते, त्यावरचं मालकाकडून.

तिसरं, आणि माझ्या मते खरं दार, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. पश्चिम विभागाचं खंडपीठ आपल्या पुण्यातच आहे, मुंबई-दिल्लीला हेलपाटे नाहीत, आणि तरी आपल्याच संस्था तिथे प्रतिवादी म्हणून जास्त दिसतात, अर्जदार म्हणून कमी. २०१० च्या त्या कायद्याच्या कलम १८ मध्ये अर्ज करू शकणाऱ्यांत स्थानिक प्राधिकरणाचं नाव स्पष्ट आहे. आणि दुसरी अनुसूची काढून वाचा, भरपाईच्या बाबींत सरकार किंवा स्थानिक प्राधिकरणाने बाधितांना मदत देण्यासाठी केलेला खर्च आणि अशा घटनेमुळे त्यांचं झालेलं नुकसान या बाबी वेगळ्या लिहिलेल्या आहेत. कलम १७ प्रमाणे इथेही चूक सिद्ध करायची अट नाही. भरपाईसाठी मुदत ५ वर्षं, फी मागितलेल्या रकमेच्या १ टक्का, कमीत कमी १,००० रुपये, म्हणजे वरच्या बिलाला १,९४४ रुपये. मात्र प्रश्न पर्यावरणाच्या नुकसानीचा आहे हे दाखवावं लागतं, म्हणून ते दोन नमुने. नुसतं डिझेल सांडून टूव्हीलर घसरल्या एवढ्यावर तिकडे जाऊ नका.

हरित न्यायाधिकरणाच्या कक्षेतला दावा दिवाणी कोर्टात चालत नाही, त्यामुळे कुठे जायचं हे विधी विभागाला पहिल्या आठवड्यातच ठरवायला लावा. तत्त्वाचं पाठबळ भक्कम आहे. दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायू गळला, त्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने धोकादायक धंदा करणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण असते असं ठरवलं, आणि १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडीच्या प्रकरणात प्रदूषण करणाऱ्यानेच साफसफाईचा खर्च द्यायचा हे तत्त्व लागू केलं. १३ जून २०२३ ला एक्स्प्रेस-वेवर लोणावळ्याजवळ टँकर पेटून चार जण गेले, तेव्हा असल्या गोष्टी पुस्तकातल्या राहिलेल्या नाहीत.

एक सोपा प्रकार जाता जाता. रस्ता खोदताना जेसीबीने गॅसची लाइन फोडली आणि बंब गेला, हे पुण्यात टँकरपेक्षा जास्त वेळा होतं. तिथे एवढी कोर्टबाजी नको. खोदाईच्या परवानगीत अट घाला की असा खर्च अनामत रकमेतून कापला जाईल, बस. अट आधीपासून हवी, लाइन फुटल्यावर घालून उपयोग नाही.

आणि पैसे आलेच तर? ते जातात सर्वसाधारण जमेत, फायर स्टेशनला फोमचा एक कॅनसुद्धा परत मिळत नाही, मग पुढच्या वेळी अर्ध्या तासाला एक ओळ लिहायचा उत्साह कोणाला राहणार? बजेटच्या वेळी वसुलीचं लेखाशीर्ष वेगळं मागा, खर्च झालेलं साहित्य त्यातूनच भरायचं असा ठराव जोडून. आमच्याकडे ते झालं नाही. त्या रात्रीचे दोन सूट बाद झाले होते, नवीन यायला दीड वर्ष लागलं, तोपर्यंत जवान रेनकोट घालून जात होते.